बाविसावा पेला

हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या गल्लीत टेम्पो वळतो त्या कोपऱ्यावर स्टीलच्या भांड्यांचा एक गाळा आहे. त्या गाळ्यात मंदाताई कुळये सत्तावीस वर्षं भांड्यांवर नावं घालतायत. लग्नाची ताटं, गृहप्रवेशाचे डबे, संक्रांतीच्या वाणाच्या वाट्या, कुणाच्या आजोबांच्या स्मरणार्थ वाटायचे पेले. हल्ली हजारांच्या ऑर्डरी लेझरच्या यंत्रावर जातात, पण दोन-तीनशेपर्यंतचा माल अजून मंदाताईंच्याच टेबलावर येतो. सुईचं मशीन पेनासारखं धरायचं, ते घुरघुरत स्टीलवर ठिपके पाडत जातं आणि ठिपक्यांचं नाव होतं. हात हलला की नाव बिघडलं. मंदाताईंचा हात हलत नाही.

हे काम करताना बोलता येत नाही, आणि सगळी गोम तिथंच होती. सकाळी नऊपासून तोंड मिटून बसलेली बाई साडेदहाच्या चहाला काय करणार? बोलणार. आणि मंदाताईंचं बोलणं म्हणजे जुन्या गोष्टी. म्हाताऱ्या शेठच्या वेळच्या.

त्यातली सगळ्यात लाडकी गोष्ट नवरदेव बदलल्याची. पाचशे ताटांवर नवरानवरीची नावं घालून झाली, शनिवारी माल जायचा, आणि शुक्रवारी फोन आला की लग्न मोडलंय. अर्ध्या तासाने दुसरा फोन. लग्न आहे, तारीखही तीच आहे, फक्त नवरदेव दुसरा आहे. मग अख्खा गाळा रात्रपाळीला बसला. जुनं नाव पॉलिशच्या चाकावर घासून काढायचं, नवं घालायचं. शेठ स्वतः गंजीवर चाकासमोर बसले. शेठाणी थेपल्यांचा डबा घेऊन आल्या आणि पॉलिशने काळ्याठिक्कर पडलेल्या नवऱ्याला ‘भाऊ, शेठ कुठे आहेत’ म्हणून विचारत्या झाल्या.

गोष्ट चांगली आहे. पहिल्यांदा ऐकणारा हमखास हसतो. अडचण एवढीच, की गाळ्यात ती पहिल्यांदा ऐकणारं कुणी उरलं नव्हतं.

दुसरी आवडती गोष्ट फळीची. चहाच्या टेबलामागे भिंतीला एक लांब फळी आहे, तिच्यावर स्टीलचे चौतीस पेले पालथे घातलेले. प्रत्येकावर एक नाव आणि एक साल. म्हाताऱ्या शेठची ती रीत. नवा माणूस लागला की त्याच्या पहिल्या खंडेनवमीला, यंत्रांची पूजा झाली की, शेठ त्याच्या हातात त्याच्या नावाचा पेला द्यायचे. मग त्याचा चहा कायम त्याच पेल्यातून. माणूस नोकरी सोडून गेला तरी पेला फळीवरच राहायचा. ‘परत आला तर चहा कशात देणार?’ असं शेठ विचारायचे. पंचवीस जण गेले, काही कायमचेच गेले, परत कुणी आलं नाही. पेले मात्र होते. चौतिसांतल्या नऊ पेल्यांचे मालक अजून कामावर होते आणि त्यातला सर्वांत जुना पेला मंदाताईंचा, १९९८ सालचा. बाकीचे बावीस जण नवे. करोनात कागदी कप आले, त्याच वर्षी शेठ गेले. नवे लोक कागदी कपातून चहा पीत, आणि मंदाताई आपल्या पेल्यातून चहा पीत त्यांना पेल्यांची गोष्ट सांगत.

आता गाळा शेठच्या मुलाकडे, जितेशभाईंकडे आहे. माणूस सरळ, पण घाबरट. गेल्या दिवाळीपासून चार चांगले कारागीर सोडून गेले, तेव्हा त्यांची झोप उडाली. त्यांनी मिनल नावाच्या एका तरुण मुलीला आठवड्यातून दोन दिवस बोलवायला सुरुवात केली. माणसांचं मन कामात लागावं यासाठी काय करायचं, याचं रीतसर शिक्षण तिने घेतलं होतं. तिने भिंतीवर ‘महिन्याचा हिरो’ अशी पाटी लावली. पहिल्या महिन्याच्या हिरोला त्याच्या सोबत्यांनी इतकं छळलं की दुसऱ्या महिन्यात कुणी हिरो व्हायला तयार होईना. मग तिने एका डब्याच्या झाकणाला खाच पाडून घेतली आणि सांगितलं, तुमच्या मनात काय आहे ते चिठ्ठीवर लिहून यात टाका, नाव घालू नका.

गौरी-गणपती उठले त्या आठवड्यात, चहाच्या वेळी सगळ्यांसमोर तिने डबा उघडला. आधी एकटीने चिठ्ठ्या वाचून ठेवायची अक्कल तिला सुचली नाही. ‘पॉलिशच्या खात्यात धूळ खेचणारा पंखा लावा’ अशा सहा चिठ्ठ्या निघाल्या. एक निघाली, ‘शनिवारी लवकर सोडा.’ एकीवर नुसतं ‘ठीक चाललंय’ होतं. आणि त्यानंतरची चिठ्ठी मिनल मोठ्याने वाचून मोकळी झाली, ‘चहाच्या वेळी मंदाताईंच्या जुन्या गोष्टी बंद करा.’

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मिनलने जीभ चावली. मंदाताईही हसल्या. “बरोबर लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “मलाही आता कंटाळा येतो त्यांचा.” आपला पेला विसळून त्यांनी फळीवर पालथा घातला आणि जाता जाता टेबलावरची ती चिठ्ठी एकदा बघून घेतली. अक्षर ओळखायला त्यांना पळही लागला नाही. जन्मभर लोकांच्या हस्ताक्षरातल्या चिठ्ठ्यांवरून नावं घातलेली बाई ती. पत्रा दाबून त्याची भांडी करणाऱ्या प्रेस मशीनच्या पाटीवर रोज संध्याकाळी दिवसाचा आकडा लिहिणारं अक्षर होतं ते. उत्तन गावच्या स्टीवनचं. तोच स्टीवन, ज्याला नवरदेवाच्या गोष्टीला डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसताना त्यांनी पाहिलं होतं.

शांती नगरातल्या घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला, धाकूरावांना, ते सगळं सांगितलं. धाकूराव एका सोसायटीत वॉचमन होते, आता घरीच असतात. भाजी निवडत ते शांतपणे म्हणाले, “मी तीस वर्षं ऐकतोय. मला कुणी कधी डबा आणून दिला नाही चिठ्ठी टाकायला.”

एरवी मंदाताईंनी यावर दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी त्या आत जाऊन बसल्या. वाईट वाटलं होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं. नावं घालणं हे पगाराचं काम. गोष्टी सांगणं हे त्यांनी आपल्या मनाने अंगावर घेतलेलं काम होतं. नव्या पोरांना गाळा आपला वाटावा, हुरूप यावा, म्हणून सांगत होत्या बिचाऱ्या.

पुढचे आठ दिवस त्या चहाला गप्प बसल्या. चहा चार मिनिटांत संपायला लागला. लोक मोबाईल काढून बघत आणि उठत. ‘ताई, गोष्ट सांगा’ असं एकानेही म्हटलं नाही, ते त्यांना चिठ्ठीपेक्षा जास्त लागलं.

पितृपक्ष सुरू झाला तेव्हा जितेशभाईंनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

“मंदाबेन, एक प्रॉब्लेम झाला. स्टीवन जातोय. वसईच्या एका गाळ्यातून त्याला बोलावणं आलंय. दसऱ्यापर्यंत थांबतो बोलला.” ते टेबलावरचा पेन फिरवत राहिले. “प्रेसवर डाय, साचा बसवणारा दुसरा कोण आहे सांगा आपल्याकडे? तो गेला तर प्रेस बंद. प्रेस बंद तर सगळंच बंद. तुम्ही जरा बात करा ना त्याच्याशी. तुमचं मानतो तो.”

‘मानतो’ या शब्दावर मंदाताईंना काय वाटलं असेल ते वाटलं, पण त्या बरं म्हणून उठल्या.

जेवणाच्या सुट्टीत स्टीवन प्रेसच्या बाजूला खोक्यावर बसून जेवत होता. त्याच्या बायकोने, कार्मिनने, सुकटीचं कालवण दिलं होतं. वास गाळाभर पसरला होता. मंदाताई समोरच्या स्टुलावर बसल्या.

“जातोयस म्हणे.”

“विचार करतोय ताई.”

“पगार जास्त देतायत?”

“थोडा हाय जास्त. जायला-यायलाच जाईल तो.”

“मग कशाला?”

स्टीवनने पुढचा घास मोडला. तेव्हा मंदाताईंना राहवलं नाही. “ती चिठ्ठी तूच लिहिलीस.”

त्याने घास खाली ठेवला. “हां. मीच. राग आला?”

“आला.”

“माफ करा. पन खोटा काय लिवला न्हाय.” त्याने डबा बाजूला सरकवला. “ताई, गोष्टी वाईट न्हाय तुमच्या. नवरदेवाची गोष्ट मी घरी सांगितली, कार्मिनला पन पाठ हाय. पन त्या गोष्टीत मी कुठं हाय? साडेचार वर्षं झाली मला इथं. चार खंडेनवम्या या प्रेसला मी माझ्या हातानं हार घातला. तुमी पेल्यातून चहा पिता अन् पेल्याची गोष्ट सांगता. मी कागदाचा कप धरून ऐकतो अन् मग तो चुरगळून टाकतो. जो मानूस दहा वर्षांमागं सोडून गेला त्याचा पेला फळीवर हाय. मी समोर बसलोय, माझा न्हाय. मंग मला वाटते, आपन राहिलो काय अन् गेलो काय, या जागेला फरक न्हाय.”

मंदाताईंना तोंडात मारल्यासारखं झालं. पेले द्यायचे शेठ, पण नावं घालायच्या त्या. शेठ दरवर्षी नवरात्र लागलं की नावांची यादी आणून द्यायचे. शेठ गेले, यादी आली नाही, आणि मंदाताईंनी ती मागितली नाही. पाच वर्षांत हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. गावभराची नावं घातली आणि समोरच्या बावीस माणसांची राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बरं, रीत विसरली होती म्हणावं तर तीच रीत त्या रोज चहाबरोबर रंगवून सांगत होत्या.

“तू दसऱ्यापर्यंत आहेस ना?” एवढंच त्यांनी विचारलं.

“हाय. पुढचा पुढं बघू.”

त्या तशाच केबिनमध्ये गेल्या. “जितेशभाई, मला बावीस पेले हवेत.”

जितेशभाईंनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. “पण मंदाबेन, आता बायर लोक बघायला येतात. पेपर कप कसा, हायजेनिक दिसतो.”

“सत्तावीस वर्षं एका पेल्यातून चहा पितेय मी. मला काय झालंय?”

“तुम्हाला काय होणार,” जितेशभाई म्हणाले आणि हसले. मग खिडकीतून फळीकडे बघत राहिले. तिथं त्यांच्या वडिलांच्या नावाचाही पेला होता. “पप्पा असते तर मला ओरडले असते. घ्या. चांगल्या मालातले घ्या, सेकंड नको.”

नावांची यादी मिनलने करून दिली. देताना ती घुटमळली. “मंदाताई, मी ती चिठ्ठी सगळ्यांसमोर वाचायला नको होती.”

“नकोच होती,” मंदाताई म्हणाल्या. “पण वाचलीस ते बरं झालं.”

पोरगी कामाची होती हेही सांगायला हवं. पंख्याच्या सहा चिठ्ठ्या घेऊन ती जितेशभाईंच्या इतकी मागे लागली, की घटस्थापनेच्या आत पॉलिशच्या खात्यात धूळ खेचणारा पंखा फिरायला लागला. पेल्यावर नाव घालून कुणाची छाती मोकळी होत नाही, हे मंदाताईंनाही कळत होतं. शेठच्या सोन्यासारख्या दिवसांत त्या खात्यातली माणसं तोंडाला रुमाल बांधून खोकत बसायची, आणि ही गोष्ट मंदाताईंनी चहाला कधी सांगितली नव्हती.

आता अडचण अशी, की पितृपक्षात मंदाताईंच्या टेबलावर मान वर काढायला फुरसत नसते. त्या वर्षी एका कुटुंबाने सर्वपित्रीला वाटायला तीनशे पेले मागवले होते. प्रत्येकावर ‘कै.’ आणि खाली आजोबांचं नाव. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच. कै., कै., कै. त्यातूनच जेवणाची सुट्टी वाचवून त्या आपल्या माणसांचे पेले करत होत्या. रीतीप्रमाणे नाव आणि कामाला लागल्याचं साल. झालेला पेला लगेच वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात, कारण आधी कुणाला दिसायचा नाही.

स्टीवनचा त्यांनी शेवटी ठेवला होता. तो करताना त्या खूप विचार करत होत्या. याला पेला मिळेल आणि तरी हा जाईल, मग हाही पेला फळीवर पालथाच. जाईना का, पण नाव राहील. असं म्हणत त्यांनी बाविसावा पेला पुरा केला, गुंडाळला, आणि पुन्हा त्या आजोबांकडे वळल्या.

खंडेनवमीला गाळा धुऊनपुसून लखलखीत झाला. यंत्रांना झेंडूचे हार, हळदकुंकू. स्टीवनने पाचव्या वर्षी प्रेसला हार घातला. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि जितेशभाई एकेक नाव पुकारत पेले देऊ लागले. माणसं कागद सोडायची, नावावरून अंगठा फिरवायची. पॅकिंगमधल्या संपदाने तर पेला पदरात घालून घेतला, जणू तिची ओटीच भरली होती. मंदाताई कडेला उभ्या राहून बघत होत्या आणि त्यांना फार बरं वाटत होतं.

शेवटचा स्टीवन. त्याने कागद सोडला, पेला उजेडात धरला आणि बघतच राहिला. शेजारच्याने वाकून वाचलं आणि तो दोन पावलं मागे सरकला.

पेल्यावर होतं, ‘कै. स्टीवन, २०२१.’

मंदाताईंनीही वाचलं. सणाचा दिवस, लेकराबाळांचा बाप असलेला माणूस, आणि आपल्या हाताने त्याला वर पोचवला. त्यातून खाली साल. म्हणजे कामाला लागला त्याच वर्षी बिचारा वारला असं कुणीही वाचणार. “दे,” त्या पुढे होत म्हणाल्या आणि पेल्याला हात घातला. “दे इकडे. आत्ता चाकावर घासून काढते. दुसरा करते. देवा, माझ्या हाताला काय झालं होतं.”

स्टीवनने पेला छातीशी धरला. “न्हाय देणार.”

“अरे अभद्र आहे ते.”

“कसला अभद्र? जित्या मानसाला मेला बोल्ले तर त्याचा आयुष्य वाढते. आमची आजी बोलायची.” मग तो गाळ्याकडे वळला. त्याचा चेहरा एकदम गंभीर होता, आणि त्यामुळे कुणाला हसावं की नाही ते कळेना. “जितेशभाई, वसईवाल्यांना तुमीच कळवा. मानूस वारला म्हना.”

आधी संपदा हसली. मग सगळा गाळा. जितेशभाई पेढ्याचा बॉक्स हातात धरून इतके हसले की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. मंदाताई मात्र हुंदका देऊन रडल्या, आणि रडता रडता हसल्या. त्या दिवशीचा चहा पाऊण तास चालला. फळी पुरेना, म्हणून संध्याकाळी तिच्याखाली दुसरी ठोकली. स्टीवनने पहिला पेला तिच्यावर पालथा घातला तो आपला, नाव बाहेरच्या बाजूला करून.

आता संक्रांत तोंडावर आली आहे. वाणाच्या वाट्यांचा डोंगर मंदाताईंच्या टेबलावर चढला आहे आणि हाताशी म्हणून दिव्या नावाची नवी बाई लागली आहे. पहिल्याच दिवशी, साडेदहाच्या चहाला, खालच्या फळीकडे बघून ती दचकली. “अगं बाई, हे कोण वारले?”

मंदाताईंनी पेला खाली ठेवला, घसा साफ केला. पण तिकडून स्टीवन आलाच होता. त्याने आपला पेला उचलून तिच्यासमोर धरला आणि सुरुवात केली. “त्याची गोष्ट अशी हाय. आमच्या वेळी काय व्हायचा, इथं कागदाचे कप होते.”

आमच्या वेळी. तीन महिने झाले होते फक्त. तो सांगत राहिला. त्याच्या गोष्टीत तीनशे पेल्यांचे पाचशे झाले, जितेशभाई खुर्चीवरून खाली पडले, आणि मंदाताईंना चक्कर आली.

“चक्कर कुठे आली होती रे मला?” मंदाताई म्हणाल्या.

“ताई,” स्टीवन म्हणाला, “ही गोष्ट माझी हाय.”

दिव्या हसून हसून बेजार झाली होती, पहिल्यांदाच ऐकत होती ना. मंदाताईंनी आपला १९९८ सालचा पेला उचलला आणि उरलेला चहा ऐकत ऐकत, सावकाश संपवला.